लांबच्या रस्त्याची बैठक

पुणे ते बंगळूर हा गुळगुळीत महामार्ग मोटारसायकलवर बसणाऱ्याला जेवढा छळतो, तेवढा कोकणातला खड्ड्याखुड्ड्यांचा सागरी रस्ता छळत नाही. हे सांगितलं की चारचाकीवाल्यांना खरं वाटत नाही. लांबचे पल्ले मारणारे मात्र लगेच मान डोलावतात. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर पुण्यापासून बंगळूरपर्यंत साधारण साडेआठशे किलोमीटर अंतर. खंबाटकी, तवंदी असे घाट सोडले तर पुष्कळसा रस्ता सरळ, रुंद, मोकळा. त्यावर तासा-दीड तासात बूड दुखायला लागतं. उलट रेडीहून रत्नागिरीकडे वर येणाऱ्या रस्त्यावर एक किलोमीटरही सरळ मिळणं मुश्कील. डांबर जागोजाग उखडलेलं, प्रत्येक खाडीला उतार आणि पुन्हा चढ. तिथं संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर लक्षात येतं, की आज बसायच्या जागेची दिवसभर आठवणच झाली नाही.

या हिवाळ्यात हे दोन्ही रस्ते एकाच फेरीत जोडले. पुण्याहून बंगळूर, सेलम, मदुराईवरून रामेश्वर, तिथून कन्याकुमारी, आणि परतताना पश्चिम किनारा धरून केरळ, कारवार, गोवा, मग आपलं कोकण. माझी साडेतीनशे सीसीची गाडी, आणि सोबत भाचा त्याच्या गाडीवर. तो पंचविशीतला, मी पन्नाशी ओलांडलेली. दोन वयांची, दोन बांध्यांची शरीरं एकाच रस्त्यावर काय काय सोसतात हे त्यामुळे शेजारी शेजारी पाहता आलं. त्याविषयीच लिहायचं आहे, कारण मोटारसायकल प्रवासाच्या वर्णनांत डोंगर येतात, समुद्र येतात, हॉटेलातली थाळी येते. ज्या जागेवर बसून हे सगळं पाहिलं तिच्याविषयी लोक लाजतात. आणि लाजून, दात-ओठ खाऊन गाडी चालवतात. दुखणाऱ्या माणसाचं लक्ष रस्त्यावरून उडतं, म्हणून ही नुसती सोयीची गोष्ट नाही.

आपण बसतो तेव्हा धडाचा जवळजवळ सगळा भार ओटीपोटाच्या हाडांच्या तळाशी असलेल्या दोन टोकांवर येतो. डॉक्टर त्यांना इश्चियल ट्युबरोसिटी म्हणतात. आमच्या ओळखीची फिजिओथेरपिस्ट सरळ ‘बसायची हाडं’ म्हणते. कडक फरशीवर मांडी घालून बसलं की ती दोन्ही हाडं नेमकी कुठं टेकतात ते कळतं. हाड आणि सीट यांच्यामध्ये चिमटलेल्या कातडी-मांसातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, आणि थोड्या वेळानं ती जागा बोंबलायला लागते. खुर्चीत बसलेला माणूस नकळत एक कूस सोडून दुसरीवर जातो, पाय हलवतो, उठतो, म्हणून त्याचं निभावतं. सरळ हायवेवर ताशी ऐंशीनं चाललेल्या स्वाराचे पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर, नजर समोर. सगळं जिथल्या तिथं. शरीर जितकं निश्चल, तितकं त्या दोन हाडांखालचं मांस उपाशी.

याच फिजिओथेरपिस्टनं एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या मनातून जात नाही. मणक्याला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसांना बसायची जागा दुखते हे कळतच नाही. त्यामुळे तिथं जखमा होतात, आणि त्या जिवावर बेतू शकतात. म्हणून चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला एक शिस्त शिकवतात: दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायचं, किंवा पुढं-बाजूला झुकून भार हलवायचा. आपल्याला वेदना तरी आहे. ती उठवते. खडकीत मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. त्या बाजूनं जाताना मला हे दर वेळी आठवतं, आणि आपल्या दुखण्याकडे मी थोड्या आदरानं बघते.

मऊ सीट म्हणजे आरामाची सीट, हा समज दुकानात दोन मिनिटं बसून बघण्यातून होतो. मऊ फोम भार पडला की दबत जातो, आणि अर्ध्या तासात हाडं थेट खालच्या पत्र्याशी किंवा प्लॅस्टिकच्या तळाशी बोलायला लागतात. भरपूर मऊ असेल तर मधला भाग वर येऊन नको तिथं टोचतो. थोडा कडक, दाट फोम सुरुवातीला परका वाटतो, पण तो भार पसरून घेतो, मांड्यांनाही वाटा देतो. निघण्याआधी नाना पेठेतल्या एका सीटवाल्याकडून मी माझी सीट करून घेतली. गाड्यांचे पार्ट आणि सीटा यांचीच ती पेठ. त्यांनी आधी मला जाड पुठ्ठ्यावर बसवलं, उठवलं, आणि पुठ्ठ्यावर उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं.

“ताई, कंपनीची सीट सगळ्यांसाठी एकच असते. तुमची हाडं सीटच्या काठावर येतायत,” ते म्हणाले.

बायकांचं ओटीपोट साधारणपणे पुरुषांपेक्षा रुंद असतं, त्यामुळे ही दोन हाडंही जरा लांब असतात. अरुंद सीटवर ती उतरत्या कडेवर टेकतात. सीटवाल्यांनी रेक्झिन उकललं, मागचा भाग दोन्ही बाजूंनी रुंद केला, खाली दाट रिबाँडेड फोमचा थर आणि वर बोटभर मऊ थर चढवला. टाकीकडचा उतार भरून सपाट केला. हा उतार फार त्रासदायक असतो: माणूस ब्रेकगणिक पुढं घसरतो, टाकीला चिकटतो, मागं सरकतो, पुन्हा घसरतो. टाकीजवळची बाजू मात्र अरुंदच ठेवली, नाहीतर सिग्नलला पाय जमिनीला टेकत नाहीत. भाच्यानं सीट तशीच ठेवून वर जेलची गादी बांधली होती.

माझ्या सीटवर आणखी एक गोष्ट होती. आईच्या माहेरची जुनी धनगरी घोंगडी, तिचा एक तुकडा कापून चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या. परदेशातले लांब पल्ल्याचे स्वार मेंढीचं केसाळ कातडं सीटवर टाकतात. ते पाहून हे सुचलं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, पण गुण तोच. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. तंतूंमधून हवाही खेळती राहते. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे ताठ असते आणि टोचते. वर्षानुवर्षं वापरलेली, खळ निघून गेलेली असली की कापडावरून बसायला ती फार चांगली. रेक्झिनवर घाम आणि उष्णता अडकते, तीच पुढच्या सगळ्या घासण्या-पुरळांची सुरुवात. पूर्वी आमच्या गावाकडचे दूधवाले गाडीच्या सीटवर घोंगडीची घडी टाकत, ते काही उगाच नव्हे.

साताऱ्यापर्यंत थंडी होती. कऱ्हाड मागं पडलं आणि ऊन चढलं. कोल्हापूरला न शिरता पुढं निपाणी, तवंदीचा घाट, बेळगाव. घाटात शरीर आपोआप हलतं, तिथं काही जाणवलं नाही. धारवाडनंतर रस्ता सुतासारखा सरळ झाला, आणि हावेरीच्या आधी भाचा पुढून हात हलवायला लागला. टपरीशेजारी थांबलो. जेलची गादी उन्हात चांगलीच तापली होती; जेल उष्णता धरून ठेवतं. शिवाय वळणावर ती रबरी पट्ट्यांसकट खालून सरकत होती, म्हणून तो ती मांड्यांनी पकडून बसला होता आणि मांड्याही भरून आल्या होत्या.

“मावशी, तुला काहीच होत नाही का गं?” त्यानं विचारलं.

होत होतं. पण मी दर दहा-पंधरा मिनिटांनी काहीतरी बदलत होते. कधी बोटभर पुढं, कधी मागं सरकायचं. कधी एका कुल्ल्यावर भार, मग दुसऱ्या. रस्ता मोकळा असला की फूटरेस्टवर भार देऊन, गुडघे टाकीला लावून दहा-पंधरा सेकंद सीटवरून नुसतं इंचभर उठायचं. पूर्ण उभं राहायची गरजच नसते. तेवढ्या वेळात दबलेल्या मांसात रक्त परततं. महत्त्वाचं हे, की दुखायच्या आधी उठायचं. एकदा ठणका लागला, की मग कितीही उठबस करा, तो दिवस वाया.

तासाभरानं गाडीवरून उतरायचं हाही आमचा नियम होता. दहा मिनिटं, घड्याळ लावून. हेल्मेट काढायचं, चार पावलं चालायचं, पाय मागं ओढून मांडीची पुढची बाजू ताणायची, एका गुडघ्यावर दुसरा पाय टाकून किंचित खाली बसायचं म्हणजे कुल्ल्यातला खोल स्नायू सुटतो. तीन तास सलग चालवून अर्धा तास लोळण्यापेक्षा हे पुष्कळ बरं. त्या अर्ध्या तासात शरीर आखडतं आणि पुन्हा बसताना आधी असतं त्यापेक्षा जास्त दुखतं.

हावेरीच्या त्या टपरीवर आम्ही भाच्याच्या पाठीवरची सॅकही उतरवून मागच्या सीटवर बांधली. पाठीवरचं दहा किलो ओझं कुठं जातं? खांद्यांतून मणक्यात, आणि मणक्यातून त्याच दोन हाडांवर. तेच ओझं सीटवर आडवं बांधलं तर गाडी ते वाहते, आणि कमरेच्या मागं टेकायला आधारही मिळतो. जेलची गादी निघाली, तिच्या जागी माझ्या पिशवीतली घोंगडीची उरलेली पट्टी गेली. त्याला ती टोचली. चित्रदुर्गला डोंगरांवरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या तोवर त्यानं टोचण्याविषयी बोलणं सोडलं होतं.

पाण्याविषयी लिहायलाच हवं. स्नायूंना पाणी कमी पडलं की ते लवकर थकतात, आखडतात. वारा घाम वाळवून टाकतो म्हणून आपण किती कोरडे पडलोय ते कळत नाही. भाचा बाटलीमागून बाटली प्यायचा. बाई मात्र पाणी पिण्याआधी पुढचं स्वच्छतागृह कुठं आहे याचा हिशेब करते. महामार्गावरच्या कितीतरी पेट्रोलपंपांवर बायकांच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली असलेला माणूस जेवायला गेलेला असतो. ज्या देशात लाखो बायका स्कूटर, मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवतात, तिथं प्रवासात तहान मारून बसणं हे अजूनही शहाणपण मानलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. मी पाणी पितेच. किल्ली मागून घेते, दार उघडेपर्यंत तिथून हलत नाही. ताक, नारळपाणी, लिंबूपाण्यात चिमूटभर मीठ, काहीही चालेल, पण प्यायचं.

बंगळूर ओलांडून होसूर, कृष्णगिरी, आणि मग तोप्पूरचा घाट उतरून सेलमकडे. राष्ट्रीय महामार्ग ४४ चा हा भाग सुरेख आहे. करूर, दिंडिगल, मदुराई. इथं हवा बदलते. दख्खनचं कोरडं ऊन जाऊन चिकट, दमट गरमी येते, आणि दुखण्याची जातही बदलते. हाडांपेक्षा कातडीचं दुखणं सुरू होतं. जीन्सची मधली जाड शिवण, जिथं चार थर एकत्र येतात, ती नेमकी भाराखाली. सुती अंतर्वस्त्रं घाम पितात आणि ओलीच राहतात. त्यांच्या काठाची शिवण मांडीच्या मुळाशी घासत राहते. घरात सुती कपड्याइतकं चांगलं काही नाही, हे मीही मानते. गाडीवर मात्र बिनशिवणीची, पटकन वाळणारी, अंगाला चिकटून बसणारी लांब शॉर्ट्स आतून घालावीत. सायकलस्वारांची जाड पॅडवाली शॉर्ट्स काहींना चालतात. माझ्या अनुभवात ते पॅड सायकलच्या बारीक सीटसाठी असतं आणि मोटारसायकलच्या रुंद सीटवर गोळा होतं. मुक्कामाला पोचलं की आधी अंघोळ, अंग पूर्ण कोरडं करणं, आणि घासलेल्या जागी रात्री खोबरेल. सकाळी निघताना पेट्रोलियम जेलीचा हात.

हे क्षुल्लक वाटेल, पण नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातल्या हजारो जवानांना माकडहाडाजवळच्या फाटीत गळू होऊन रुग्णालयात पडून राहावं लागलं. खडबडीत रस्त्यावरच्या जीपप्रवासाशी त्याचा संबंध जोडून लुई बुई या शल्यचिकित्सकानं १९४४ साली त्याला ‘जीप रोग’ म्हटलं. केस, घाम, घर्षण आणि तासन्तास बसणं यांचं ते दुखणं. गाडीवाल्यांना, ड्रायव्हरांना ते आजही होतं आणि लाजेपोटी कोणी डॉक्टरकडे वेळेवर जात नाही. माकडहाडापाशी गाठ लागली, दुखलं, ओल आली, तर जावं.

मदुराईहून रामनाथपुरम, मंडपम, आणि मग पांबनचा पूल. डाव्या हाताला खाली रेल्वेचा पूल दिसतो: १९१४ सालचा जुना, आणि त्याच्या शेजारी २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. पाहायला सगळे थांबतात. मी तिथं माझे हात पाहिले. पुलावर आडवा वारा होता आणि मी हँडल आवळून धरलं होतं; खांदे कानांपर्यंत चढले होते. वाऱ्यात हे होतंच. हात आवळले की कोपरं ताठ होतात, कोपरं ताठ झाली की पाठ ताठ होते, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का मग थेट मणक्यात जातो. इलाज उलटा आहे: हात सैल सोडायचे, आणि गाडी धरायची ती गुडघ्यांनी. घोड्यावर मांड टाकतात ती हीच. मांड पक्की असली की वरचं अंग मोकळं राहतं, वाऱ्यानं गाडी हातभर सरकली तरी आपण तिच्याबरोबर सरकतो आणि परत येतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या त्या कडेवर सतत भार पडतोय असं समजावं. क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून घेतले, की मनगट सरळ राहतं. हे काम कोणताही मेकॅनिक पाच मिनिटांत करून देतो.

पांबनच्या पुढं रामेश्वर, आणि त्याच्या पुढं धनुष्कोडी. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळानं उद्ध्वस्त केलेलं गाव; चर्चच्या भिंती उभ्या आहेत. दोन्हीकडे पाणी आणि मधून शेवटच्या टोकापर्यंत नेणारा सरळ रस्ता. टोकाशी बीडकडची एक यात्रेकरू बस उभी होती. एक आजी रेती पिशवीत भरून घेत होत्या, काशीला न्यायला. माझ्या गाडीचा नंबर बघून जवळ आल्या.

“एवढ्या लांबून हिच्यावर आलीस व्हय गं? कंबर धरत न्हाई?”

“धरते ना आजी. म्हणून मधे मधे उतरते.”

“आमच्या गाडीत उतरू देतच न्हाईत बघ,” त्या म्हणाल्या आणि लुगडं जरा वर करून सुजलेले घोटे दाखवले. पाय लोंबकळत ठेवून रात्रभराचा प्रवास. मी त्यांना बसल्या जागी टाचा वर-खाली करायला सांगितलं, पोटऱ्या हलल्या की खाली साचलेलं रक्त-पाणी वर चढतं. त्यांनी तिथंच उभ्यानं करून बघितलं आणि बरोबरच्या दोघींनाही करायला लावलं.

कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारक पाहिलं. १९७० सालचं हे स्मारक उभं करण्यासाठी झटलेले एकनाथ रानडे हे अमरावती जिल्ह्यातले. केरळ पटकन उरकला. किनाऱ्याचा महामार्ग ६६ तिथं गावामागून गावातून जातो, जागोजाग रुंदीकरण, क्लच दाबून दाबून डावा पंजा दुखला, एवढंच. मंगळूर, उडुपी, कारवार करत गोव्यात शिरलो आणि पणजीत भाच्याच्या गाडीच्या मागच्या शॉकअॅब्सॉर्बरकडे लक्ष दिलं. निघाल्यापासून त्याची गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला खालपर्यंत आपटत होती. हुकासारखा पाना घालून स्प्रिंगचा प्रीलोड दोन टप्पे वाढवला. सामान बांधल्यावर हे करावं लागतं. शोरूममधून गाडी येते ती एकट्या माणसाच्या हिशेबानं. आणि हवा कंपनीनं सांगितली तेवढीच. पंक्चरवाले दगडासारखी टम्म भरून देतात, मग अर्धं काम करायला हवं ते टायर काहीच करत नाही.

आता कोकण. केरीहून तेरेखोलला फेरीबोटीनं पलीकडे गेलो की थोड्याच वेळात रेडी, आणि तिथून रस्ता स्वभाव बदलतो. शिरोडा, वेंगुर्ले, मालवण, आचरे, कुणकेश्वर, देवगड. जांभ्याच्या सड्यावर चढायचं, सपाटीवर पाच मिनिटं वारा खायचा, आणि लगेच माडांच्या राईत, खाडीच्या पुलाकडे उतरायचं. चढावर अंग पुढं, उतारावर मागं. डावं वळण आलं की डाव्या कुल्ल्यावर भार, उजवं आलं की उजव्या. खड्डा दिसला की फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे वाकवून, गाडीला खालच्या खाली नाचू द्यायचं. बसून खड्डा घेतला तर धक्का कमरेला. उभ्यानं घेतला तर गुडघे आणि घोटे तो पिऊन टाकतात, आणि नजरही उंच जाऊन पुढचा रस्ता आधी दिसतो. हायवेवर मी जे घड्याळ बघून, ठरवून करत होते, ते इथं रस्ताच करून घेत होता. वेग ताशी तीस-पस्तीस, त्यामुळे वाऱ्याचा मार नाही, मानेवर हेल्मेटचा ताण नाही, इंजिनाची थरथर कमी. दिवसभरात दीडशे किलोमीटर झाले तर पुष्कळ. पण ते दीडशे किलोमीटर सगळं अंग चालवतं.

आणि खाड्या. जयगडला रस्ता संपतो. पुढं शास्त्री नदीची खाडी, पलीकडे तवसाळ. गाडी फेरीबोटीवर चढवायची, साइड स्टँडवर गिअरमध्ये उभी करायची, आणि कठड्याशी जाऊन उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटं सक्तीची विश्रांती, आणि आधी बोटीची वाट पाहण्यात गेलेला वेळ वेगळा. तवसाळहून हेदवी, गुहागर करत धोपावे; तिथं वाशिष्ठीची खाडी, पलीकडे दाभोळ. दापोली, आंजर्ले, केळशीवरून वेसवी; तिथं सावित्री, पलीकडे बागमांडला. बसून बसून आता उतरावं असं वाटायला लागावं, आणि समोर जेट्टी यावी, असं दर वेळी झालं. या खाड्यांवर पूल बांधायचं काम आणि बोलणं बरीच वर्षं चालू आहे. कोकणातल्या माणसाला दवाखान्यात वेळेवर पोचायला पूल हवेतच, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मोटारसायकलवाल्यानं मात्र पूल झाल्यावरही खाडीपाशी उतरावं.

भाच्याला ही बाजू फार आवडली. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी तो पायऱ्या चढून आला आणि म्हणाला, “मावशी, हायवेवर माझं वय पन्नास होतं, इथं परत पंचवीस झालं.” त्याच्या लक्षात आलं होतं की तीच गाडी, तीच सीट, तीच घोंगडीची पट्टी, बदललं ते एवढंच, की आता तो गाडीवर सारखा काहीतरी करत होता.

वेसवीच्या जेट्टीवर बोटीची वाट बघताना त्यानं मनातली गोष्ट काढली. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची लांब पल्ल्याच्या स्वारांची संघटना आहे. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे साधारण १६१० किलोमीटर, पुराव्यानिशी पार केले की तिचं प्रमाणपत्र मिळतं. भारतातही पुष्कळांनी ते मिळवलंय. त्याला ते करायचं होतं.

आम्ही वाळूवर हिशेब मांडला. ताशी ऐंशीची सरासरी ठेवली तर नुसतं चालवायलाच वीस तास. उरले जेमतेम चार. त्यात पेट्रोल, पाणी, खाणं, उतरून पाय मोकळे करणं. म्हणजे वेगानं काही साधत नाही. थांबे नेमके ठेवावे लागतात. शरीर वीस तास टिकेल का? सीट नीट करून घेतली, तासातासाला उतरला, तर पंचविशीतलं टिकेल. मला भीती वाटते ती रात्रीची. आपल्या महामार्गावर रात्री दिवे नसलेले ट्रॅक्टर-ट्रॉली असतात, उसाच्या गाड्या असतात, दुभाजकातून येणारी गुरं असतात, उलट्या बाजूनं येणारे असतात. आणि अठराव्या तासाला पापणी मिटते, तेव्हा बूड दुखत नाही याचा काही उपयोग नसतो. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

“म्हणजे नकोच म्हणतेस?”

“रात्र नको म्हणते.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं वाळूवर दुसरा आकडा लिहिला: ८४०. पहाटे पाचला पुणे सोडायचं आणि अंधार पडायच्या आत बंगळूरला पोचायचं. आधी नाना पेठेत जाऊन पुठ्ठ्यावर बसायचं आणि सीट करून घ्यायची, जेलची गादी घरी. तासाला दहा मिनिटं उतरायचं, दुपारी हावेरीच्या आसपास जेवण, पाठीवर काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, न कण्हता, पुन्हा गाडीवर बसता आलं, तरच ते जमलं असं धरायचं. ही अट त्यानं स्वतःहून घातली. पुढच्या जानेवारीत, थंडी असताना, आम्ही दोघं मिळून ते करणार आहोत.